बलभीमची अंगणातली बियर

आमच्या गावात पिणारे पुष्कळ आहेत, पण पिताना दिसणारा माणूस एकच, बलभीम. बाकीचे कुणी उसात शिरतात, कुणी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं जातात. उभ्या उभ्या, घाईघाईनं आटपतात आणि बडीशेप चघळत असे गावात येतात, जणू देवदर्शन करून आलेत. गावाला सगळं कळतं. पण दिसलं नाही म्हणजे झालं नाही, असा आमच्याकडचा कायदा. तामलवाडीच्या अलीकडं पलीकडं कुठंही जा, हाच कायदा आहे.

बलभीमनं तो मानला नाही. पोळा झाला, सोयाबीनची रास घरात आली, कुणाचं जावळ काढलं, की हा अंगणात लिंबाखाली बाज टाकणार. त्याची बायको, गजरावहिनी, उकडलेल्या शेंगांची परात आणून ठेवणार आणि माठाशेजारी ओल्या पोत्यात गुंडाळलेली बियरची बाटली स्वतःच्या हातानं काढून देणार. एकच बाटली आणि एक स्टीलचा ग्लास. आधी भाकर खाल्लेली असायची. उन्हं कलायला लागली की पहिला घोट, आणि गुरं घरी यायच्या वेळेला शेवटचा. मधल्या वेळात गप्पा. रस्त्यानं जाणारा कुणीही वळायचा, बसायचा, चार शेंगा खाऊन उठायचा.

मी तर ठरलेलाच. मला ती बियर कडूजहर लागते. एकदा घोट घेतला तर दोन दिवस तोंड वाकडं होतं. म्हणून मी शेंगा खातो. बलभीम म्हणायचा, "तात्या, लेका, तुज्यापायी मला शेंगांचं एक पोतं येगळं ठिवावं लागतंय. त्यापरीस तू पीत जा."

बलभीम एस.टी.त ड्रायव्हर होता. त्याला पहिली बियर पाजली ती नागप्पानं. नागप्पा त्याचा कंडक्टर, आळंदकडचा, निम्मा मराठी निम्मा कानडी. सोलापुरात कुणाच्या तरी लग्नात हे दोघं गेले. बलभीमनं पहिला घोट घेतला आणि थुंकलाच. म्हणाला, "आरं, हे तर म्हशीला नळीनं पाजायचं औषध हाय!" नागप्पा हसून लोळायचा बाकी राहिला. मग म्हणाला, "हळू रे तम्मा, हळू. ही तहानंला प्यायची चीज न्हवं. माणसांत बसायला एक निमित्त पायजे, तेवढ्यापुरती." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. बलभीम ते वाक्य जन्मभर सांगत आला. सकाळी ड्यूटी असली की आदल्या दिवशी तो ग्लासाला शिवायचा नाही. एका लग्नात साहेबानं आग्रह केला, "घे की रे, मी सांगतोय." बलभीम म्हणाला, "साहेब, उद्याच्या पहिल्या गाडीला तुमचीच मंडळी बसणार हायती." साहेबानं ग्लास मागं घेतला.

पण उघड्यावर बसायचं त्यानं का ठरवलं, हे गावातल्या पोरांना ठाऊक नाही. त्याची बहीण सत्यभामा. तिला स्थळ आलं तेव्हा आम्ही सगळे चौकशीला गेलो होतो. त्या गावात ज्याला विचारावं तो म्हणायचा, "पोरगं सुपारीच्या खांडाला शिवत न्हाय." खोटं बोलणारी माणसं वाईट नव्हती हो. जमलेलं लग्न मोडायचं पाप कोण घेईल? लग्न झालं आणि मग कडब्याच्या गंजीत बाटल्या सापडायला लागल्या. सत्यभामा माहेरी आली ती आलीच. तेव्हापासून बलभीम म्हणायचा, "त्यानं एकदा जरी आमच्यापुढं बसून घिटली असती, तर किती घेतो ते तरी कळलं असतं. लपलेल्याला माप नसतंय, तात्या."

आता खरी गोष्ट सांगतो.

मागच्या वर्षी बलभीमच्या नातीला, वैष्णवीला, स्थळ आलं. वैष्णवी सोलापुरात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. पोरगी हुशार, तोंडानं फटकळ, आबावर, म्हणजे आजोबावर, जीव. मुलगा भूमकडचा, कृष्णराज नावाचा, पुण्यात कंपनीत नोकरीला. त्याचे वडील गौरीशंकर बागायतदार, गंभीर माणूस, हसला तर पाऊस पडेल असा. पाहण्याचा कार्यक्रम झाला. पोरापोरीचं फोनवर बोलणं सुरू झालं. वैष्णवीच्या चेहऱ्यावरच दिसत होतं की तिला पोरगा पसंत आहे. तिचा बाप, बलभीमचा पोरगा रणधीर, म्हणाला, "आबा हो म्हणले की आमचं हो."

आणि आबा एकाच शब्दावर अडला होता. मुलाच्या माहितीच्या कागदावर छापलं होतं, निर्व्यसनी.

"समदेच छापत्यात," मी म्हणालो. "उपवर पोराच्या कागदावर तो शब्द छापखानावालाच घालतो."

"म्हणूनच," बलभीम म्हणाला. "घेत नसंल तर सोनं. घेत आसंल तर त्याला बी माजी ना न्हाय, म्या कोण ना म्हणणार? पर मला कळलं पायजे. सत्यभामाचं झालं तसं हिचं न्हाय होऊ द्यायचं."

त्याच महिन्यात त्याच्या शेतात कंदुरी होती. नवसाचं बकरं, पीराला फातेहा, आणि मग सगळ्या पावण्यारावळ्यांना जेवण. बलभीमनं गौरीशंकरला आणि कृष्णराजला आवर्जून बोलावलं. झाडाखाली सतरंज्या टाकल्या होत्या, रश्शाचा वास सगळ्या शिवारात सुटला होता आणि निम्मी माणसं नेहमीप्रमाणं उसाच्या पलीकडं चक्कर मारून डोळे लाल करून आली होती. बलभीम आपली बाज टाकून बसला. ग्लास भरला. आणि भर पंगतीसमोर तो कृष्णराजपुढं धरला.

"घ्या पावणं. आमच्याकडं चोरून काय नसतंय."

सगळी पंगत थांबली. कृष्णराजनं एकदा ग्लासाकडं पाहिलं, एकदा बापाकडं. गौरीशंकर समोरच बसला होता, हातातला घास हातात.

"नाही आबा," पोरगा म्हणाला. "मी घेत नाही. कधीच नाही."

बलभीमचा चेहरा असा खुलला! म्हणाला, "वा! मग रस्सा घ्या दुबार." मलाही बरं वाटलं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

आठवडाभरात माझा नातू प्रेम मोबाईल घेऊन बलभीमच्या अंगणात आला. पोरगं भाबडं. म्हणालं, "आबा, बघा की, आपले होणारे पावणे काय भारी दिसतात!" पुण्यातल्या कुठल्याशा पबातला फोटो. पाच-सहा मित्र, मोठमोठे काचेचे ग्लास, आणि मधोमध कृष्णराज, हात उंचावून हसत असलेला.

बलभीमनं फोटो पाहिला. मोबाईल परत दिला. बाजेवरून उठून आत गेला आणि रणधीरला म्हणाला, "भूमला फोन कर. आपलं जमत न्हाय म्हणून सांग."

घरात जे झालं ते मी ओट्यावरून ऐकलं. ऐकण्यासारखंच होतं. वैष्णवी ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "आबा, तुम्ही स्वतः घेता."

"म्या घेतो ते समद्या गावाला ठावं हाय. त्यानं घिटली ह्याचा राग न्हाय मला. माज्या डोळ्यात बघून खोटं बोलला, त्याचा हाय."

तेव्हा गजरावहिनी चुलीपुढून उठल्या. वहिनी कमी बोलणाऱ्या. पण बोलल्या की नांगराचा फाळ.

"अवं, भर पंगतीत, बापापुढं, होणाऱ्या आज्जेसासऱ्यानं ग्लास धरल्यावर ते लेकरू काय म्हणंल? द्या म्हणंल? तुमी सांगा, तुमी तुमच्या बापापुढं कदी घिटली व्हती का?"

बलभीम दाराकडं निघाला.

"मामंजी होते तवर तुमी बी नाल्याकडंच जात व्हता. मला काय ठावं न्हाय व्हय? दगडोबा मामंजी गेल्यावर दुसऱ्या पोळ्याला तुमी अंगणात बसला. तवर न्हाय."

मी आयुष्यभर बलभीमच्या शेजारी राहिलो, पण हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. बाप होता तोवर हाही लपूनच पीत होता. आणि ते काही घाबरून नव्हे. आमच्यात थोरल्या माणसापुढं मांडी घालून बसत नाहीत, तिथं ग्लास कुठला! आता या परीक्षेत पोरगं पास कसं होणार? हो म्हणावं तर बेमुर्वत, नाही म्हणावं तर खोटारडं.

बलभीम बाहेर येऊन बाजेवर बसला. मग म्हणाला, "रणधीर, फोन केलास का?"

"न्हाय अजून."

"मग करू नगंस. त्या पोराला एकट्याला बोलीव. बाप नगं संगं."

आमच्या हायवेला एक नवीन हॉटेल झालंय. पत्र्याचं शेड, रंगीत दिवे, दगडी कारंजं, कारंज्यात पाणी नाही. पुण्याहून सुट्टीला आलेली पोरं त्याला पब म्हणतात. बोर्डावर मात्र परमिट रूम आणि शुद्ध शाकाहारी, दोन्ही शेजारी शेजारी लिहिलंय. रविवारी दुपारी आम्ही तिथं गेलो, बलभीम, मी, रणधीर आणि वैष्णवी. गाडी रणधीर चालवणार म्हणून त्यानं बसल्या बसल्या लिंबू सोडा सांगितला. आमच्यासारखे टोपीवाले दोन म्हातारे बघून वेटरनं आम्हाला पडदे असलेल्या फॅमिली सेक्शनमध्ये नेलं. बलभीम म्हणाला, "पडदा उघडाच राहू दे, बाबा."

कृष्णराज आला तो पाया पडून असा बसला, जसा शाळेत इन्स्पेक्टरपुढं बसतात. बलभीम इकडचं तिकडचं काही बोलला नाही.

"आता हितं तुमचं वडील न्हाईत. घेता का?"

"घेतो, आबा."

"किती?"

"मित्र जमले शनिवारी, तर एक ग्लास. कुणाचं काही असलं तर दोन. त्याच्यापुढं मला झोप येते, मग मित्र चिडवतात. घरी आणत नाही. एकटा कधी घेत नाही."

"मग त्या दिशी?"

"बाबा समोर होते. अन् तुम्ही. तोंडातून नाहीच निघालं. रात्रभर वाटत होतं, फोन करावा. तेही जमलं नाही."

बलभीमनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आज माज्यापुढं जमलं न्हाय. उद्या हिच्यापुढं असंच जमलं न्हाय तर? म्या सत्यभामेचं हाल बघिटल्यात, पावणं. मला त्याची धास्ती हाय, बियरची न्हाय."

यावर कृष्णराज काही बोलायच्या आत वैष्णवी बोलली. "आबा, मला त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलंय."

"काय सांगिटलं?"

"हेच सगळं. एक ग्लास, झोप येते, मित्र चिडवतात. मी विचारलंही नव्हतं. आपणहून सांगितलं. म्हणाले, कागदावर माझ्या काकांनी निर्व्यसनी छापलंय, ते खरं नाही, नंतर कळण्यापेक्षा आधी कळू दे."

बलभीम तिच्याकडं वळला. "मग मला का न्हाय सांगिटलंस, बाय?"

"तुम्हाला?" वैष्णवीनं मान खाली घातली. "तुमच्यापुढं असलं कसं बोलू, आबा?"

मला वाटलं आता चिडतोय. पण नाही. तो माझ्याकडं वळला. "बघितलंस का, तात्या? म्या सगळ्या गावाला दिसावं म्हणून अंगणात बसलो. अन् माज्याच घरात माज्यापास्नं लपवत्यात. माज्या बापापुढं म्या वागलो तसंच. आमीच शिकिवलंय हे."

"मग आता काय करतूस?" मी विचारलं.

"काय करतूस म्हंजे? जिला सांगायला पायजे तिला आधी सांगिटलंय पोरानं. माजा होकार हाय." मग कृष्णराजकडं बोट करून म्हणाला, "पर सुपारी फुटायच्या आदी तुमच्या वडलास्नी तुमी सांगायचं. म्या सांगणार न्हाय."

पोरगं पांढरं पडलं. "बाबांना?"

"व्हय. बाबांनाच."

कृष्णराजनं वैष्णवीकडं पाहिलं. तिनं भुवई नुसती वर केली. "सांगतो," तो म्हणाला. आवाज लहान होता, पण शब्द पुरा होता.

बलभीमनं वेटरला हाक मारली. "एक बियर आन. दोन ग्लास. अन् ह्या तात्यासाठी शेंगदाणं, जरा जास्तच."

बाटली आली. त्यानं एका ग्लासात निम्मी ओतली, दुसऱ्यात निम्मी, आणि एक ग्लास कृष्णराजपुढं सरकवला. पोरानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि थोरल्यापुढं पाणी पितानासुद्धा आमच्याकडं करतात तसं, अंग चोरून, तोंड भिंतीकडं फिरवलं.

"आं हां," बलभीम म्हणाला. "तोंड फिरवू नगा. हिकडं बघा माज्याकडं. अन् मग प्या."