पौर्णिमेची खीर

रायपूरच्या एका इस्पितळात कमलाबाई मेश्राम वीस वर्षं रोग्यांना जेवण वाटत होत्या. पळी त्यांच्या हातात, पण माप कागदावरचं. एखादी आई रडली, कोणी हात जोडून अर्धी पळी जास्त मागितली, तरी बाई बधत नसत. माघारी लोक त्यांना दगड म्हणत. बाईंना त्याचं काही वाटत नसे.

मग रायपूरच्याच गुढियारी भागात राहणारा त्यांचा थोरला भाऊ लहानू, रेल्वेतून निवृत्त झालेला ट्रॅकमन, बाईंच्याच वॉर्डात दाखल झाला. आतड्यात गाठ होती. महिनाभर पोटात अन्न ठरलं नव्हतं, नुसती हाडं उरली होती. डॉक्टरांनी गाठ काढली. पाचव्या दिवशी आहारतज्ज्ञ रुचिताने कागद लिहिला: दर दोन तासांनी अर्धी वाटी पातळ पेज, बाकी काही नाही.

तो दिवस नेमका बुद्ध पौर्णिमेचा. उपासाने खंगलेल्या गौतमाला सुजातेने खीर दिली, म्हणून बाईंच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्या दिवशी घरोघरी खीर शिजते. बाईंनी घरून आणलेला खिरीचा डबा लहानूने पाहिला नि म्हणाला, "कमले, आज तरी मले पोटभर दे." वीस वर्षांचं माप विसरून बाईंनी दोन वाट्या भरवल्या. संध्याकाळी आणखी दोन. तो तृप्त होऊन झोपला. बाईंनाही फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लहानूला धाप लागली, पाय सुजले, छातीचे ठोके चुकू लागले. डॉक्टर टाक्यांत दोष शोधत होते. बाई दाराशी उभ्या होत्या. बोललं तर नोकरी जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रुचिताने विचारलं, "दीदी, सच बताओ, कुछ खिलाया क्या?"

"चार वाट्या खीर. मीच देल्ली."

लगेच रक्त तपासलं. उपाशी शरीराला एकदम भरपूर गोडधोड मिळालं की ते रक्तातले क्षार खेचून घेतं, मग हृदय नि श्वास दोन्ही लटपटतात. तेच झालं होतं. सलाइनमधून क्षार सुरू केले, खाणं पुन्हा चमच्याचमच्याने. चार दिवस बाई भीतीने अर्धमेल्या झाल्या होत्या. लहानू वाचला. बाईंना लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली.

पुढच्या वर्षी बुद्ध पौर्णिमेला लहानू धडधाकट होऊन बहिणीकडे जेवायला आला. पुढ्यात वाटी आली. तिच्या तळाशी चार चमचे खीर होती.

"काहून कमले, दूध नासलं का?"

"खा दादा. दोन तासांनी अजून देईन," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.