पास्कलची जर्मन

माझी बहीण मार्था नंदाखालच्या पास्कलला दिली, तेव्हा घरात एकच कौतुक: जावई जर्मन बोलतो. लढाईआधी तो मुंबईत एका जर्मन साहेबाकडे स्वयंपाकी होता. सरकारने साहेबाला नजरकैदेत टाकलं आणि पास्कल आपल्या केळीच्या बागेत परतला. कसली डोंबलाची जर्मन! पाच-सहा शब्द उचलून आणलेले, बाकीची भाषा त्याने रहाटाजवळ बसून स्वतः पाडली.

पण पाडली झोकात. पाणी 'वासर', म्हणून पाणी लावणं 'वासरुंग', आणि लावणारा 'वासरुंगर'. बाग 'गार्ट', केळ 'बान'. मग गड्याला हाक मारायची ती 'बानगार्टवासरुंगर' अशी. हाक संपेपर्यंत गडी विडी ओढून यायचा. मार्था हे सगळं भक्तिभावाने शिकली. माझ्या मात्र डोक्यात जायचं.

त्रेपन्न साली देवळात खरेखुरे जर्मन फादर पाहुणे आले. "मी त्यांच्याशी बोलणारच," मार्था म्हणाली. पास्कलचं तोंड उतरलं. मला बागेत गाठून म्हणाला, "गाव हसलं तर हसू दे रे. पण तिच्याशी मायेचं जे काही बोललो ते याच भाषेत. मराठीत मला लाज वाटते. आता तिला तेही खोटं वाटेल."

"भोग आता," मी म्हणालो.

मिस्सेची प्रार्थना संपल्यावर मार्था सगळ्यांदेखत फादरांशी घडाघडा बोलली. फादर उलट काहीतरी बोलले. तिचं त्यांना कळेना, त्यांचं तिला. शेवटी त्यांनी हसून आशीर्वाद दिला. खांबाआड पास्कल पांढराफटक पडला होता. मला पहिल्यांदाच त्याची कीव आली.

मार्था वळून शांतपणे म्हणाली, "फादर दुसऱ्या गावचे दिसतात. त्यांची बोली वेगळी."

लोकांना ताबडतोब पटलं. आमची बोली वेगळी, अर्नाळ्याच्या कोळ्यांची वेगळी. मग जर्मनीत काय सगळे सारखंच बोलत असतील? एक म्हातारा तर म्हणाला, पास्कलचीच जर्मन कानाला बरी लागते.

घरी जाताना पास्कल मान खाली घालून चालत होता. "मार्था, तुला एक सांगायचंय."

"मिनलुगुंगर," ती म्हणाली.

तो थबकला. हा शब्द त्याने पाडलेलाच नव्हता. "म्हणजे काय?"

"माझा थापाड्या," मार्था म्हणाली. "लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे मला. चला, भात निवतोय."