वेळेवाल्याचा उशीर

मिस्त्रीला सगळा बाजार 'वेळेवाला' म्हणायचा. खिडकी असो वा कपाट, शब्द दिला त्या दिवशी वस्तू दारात. या एका गोष्टीवर त्याचं दुकान चालायचं आणि तो मान ताठ ठेवून फिरायचा. जेवायला मात्र रोज उशिरा येतो, असं बायकोचं म्हणणं होतं.

एकाने वडिलांसाठी त्याच्याकडे पलंग सांगितला. गुडघे दुखतात म्हणून बेताच्या उंचीचा, एका बाजूला कठडा असलेला. लेखी करार झाला, तारीख ठरली. पलंग आला की मुलगा वडिलांना कायमचं आपल्या घरी नेणार होता.

पलंग तारखेआधीच तयार झाला. मग एका दुपारी वडील स्वतः तो बघायला आले, त्यावर बसले आणि उंची कमी आहे म्हणाले. मिस्त्रीने पाय बदलले. पुढच्या खेपेला उंची जास्त वाटली. मग कठडा डावीकडे हवा झाला, मग उजवीकडेच बरा होता. मिस्त्रीचं डोकं चक्रावलं. उभा जन्म लाकडात घालवून आपल्याला साधं माप घेता येईना? शेवटी त्याने हात टेकले.

"काका, नक्की खुपतंय काय?"

"हा पलंग गेला की माझ्या घराला कुलूप लागणार," ते म्हणाले. "मुलाला बोलू नका."

मिस्त्री हो म्हणून बसला, आणि गुंता आणखी वाढला. पैसे देणारा एक, झोपणारा दुसरा. मग आपलं गिऱ्हाईक कोण? मुलाचा फोन आला की तो काहीबाही थाप मारायचा आणि नंतर त्याचं त्यालाच कसंतरी व्हायचं. तारीख टळून गेली. शेजारचे दुकानदार गालात हसू लागले.

एके दिवशी मुलगा वडिलांनाच घेऊन दुकानात आला. करार मोडतो म्हणाला, आणि का मोडला ते बाजारभर सांगतो म्हणाला.

"बाबा, तुम्हीच सांगा. उशीर कुणी केला?"

आता तरी ते बोलतील, असं मिस्त्रीला वाटलं. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"यांनीच," ते म्हणाले.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगायलाच त्याने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं भलतंच.

"चुकलं माझं. आणखी आठ दिवस द्या."

मुलगा बघतच राहिला. त्याने काही बोलायच्या आत वडील घाईने म्हणाले, "देऊ या. काम चांगलं आहे यांचं."

ते दोघे गेल्यावर मिस्त्रीने रंधा हातात घेतला. या पलंगात आता तासायचं काय उरलंय, ते त्याला कळेना.