ऑपरेशनच्या टेबलावरची पाटोडी

सासूबाईंचं बीपी तपासायचं म्हणून आम्ही दोघी गावातल्या शिबिराला गेलो होतो. नर्सबाई म्हणाल्या, "आल्याच आहात तर तुम्हीही तपासून घ्या," आणि मलाच आत नेलं. गर्भाशयाच्या तोंडाला सिरका लावून पाहतात. जागा पांढरी पडली तर पुढची तपासणी. माझी पांढरी पडली.

"सिरका?" सासूबाई हसल्या. "लोनचं घालून राह्यले का तुहं?"

पुढे चंद्रपूरच्या दवाखान्यात बारीक तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण तसंच सोडलं, तर काही वर्षांनी होऊ शकतो. तेवढा भाग काढून टाकू." मला त्यातला 'कॅन्सर' एवढाच शब्द ऐकू आला. परतीच्या एसटीत मी माझं मरण उरकूनही टाकलं आणि कोणती साडी कुणाला द्यायची ते सासूबाईंना सांगू लागले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हिरवी मले दे. बाकीच्या तुह्याच अंगावर फाटतीन."

मी रडता रडता हसले.

ऑपरेशनच्या दिवशी तिथंच सुई देऊन जागा बधिर केली. विजेच्या तारेच्या बारीक कड्यानं तो भाग कापून काढणार होते. मी पूर्ण जागी होते. तेवढ्यात तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, "तुमच्याकडं पाटोडी कशी करतात हो?"

हा काय प्रश्न झाला? पण बेसनात पाणी किती घालायचं यात कुणी चुकत असेल तर मला राहवत नाही. मी सुरू झाले. मधेच जळल्यासारखा वास आला, खाली थोडं ओढल्यासारखं वाटलं. वड्या कापून होतात न होतात तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं!"

"अन् रस्सा?" मी म्हणाले. सगळ्या हसल्या.

घरी जाताना सूचना मिळाल्या: महिनाभर जड उचलायचं नाही आणि नवऱ्यानं दूर राहायचं. ही दुसरी सूचना डॉक्टरीणबाईंनी माझ्या नवऱ्याला समोर बसवून सांगितली. तो सगळा वेळ पंख्याकडं बघत होता. सासूबाईंनी मात्र ती मनावर घेतली. त्याच संध्याकाळी त्यांनी त्याची खाट बाहेर सपरीत टाकली.

"माय, थंडी आहे," तो कुरकुरला.

"मंग दोन घोंगड्या घे."

काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. कडा स्वच्छ होत्या, खराब भाग सगळा निघाला होता. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही काही नव्हतं. मी बाहेर आले, तर नर्सबाई सासूबाईंना म्हणत होत्या, "आता तुम्हीही तपासून घ्या."

"मले काऊन?" सासूबाई दचकल्या. "माह्या वयात?"

मी त्यांची पिशवी हातातून काढून घेतली. त्या माझ्याकडं रागानं बघत, पदर सावरत आत गेल्या. दार लागलं, आणि थोड्याच वेळात आतून त्यांचा मोठा आवाज ऐकू आला. त्या नर्सबाईंनाच विचारत होत्या, "तुही लेकरं किती वं?"