लग्नाच्या ड्राइव्हवर चाललेलं मशीन

आर्णीच्या बुद्धविहाराला एका बंद होणाऱ्या ऑफिसातून कॉम्प्युटर मिळाला, पण आतली हार्डडिस्क काढून घेतलेली. विहाराचं काम पाहणाऱ्या प्रभावतीबाईंनी डब्बा पाहिला न पाहिला तोच "भंगारात द्या," म्हणाल्या.

"बाई, थोडे दिवस राहू द्या. मी पाह्यतो," विहारात नेहमी येणाऱ्या दीपमालानं गळ घातली.

लग्नाआधी दीपमाला दारव्ह्याला टायपिंग शिकवायची. इथं विहाराच्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणाऱ्या मुली टायपिंगच्या सरावासाठी यवतमाळची बस धरत, ते तिला सलायचं.

कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स ही हलकी प्रणाली हार्डडिस्क नसली तरी बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हवरूनही चालते, हे तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. घरात एक जुना ड्राइव्ह होता, तिच्या लग्नाच्या शूटिंगचा. नणंद पायलनं शूटिंग आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. तरी 'सगळं पुसायचं?' असं लॅपटॉपच्या पडद्यावर आलं तेव्हा दीपमालाचं बोट थबकलं.

"दाब ना वहिनी! लग्न थोडीच पुसल्या जाऊन राह्यलं!"

दीपमाला हसली आणि बटण दाबलं. मग दोघींनी त्या ड्राइव्हवर लिनक्स बसवली, मराठी कीबोर्डसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघींनी विहारात ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडला. मशीननं तो ओळखलाच नाही. मशीननं आधी याच ड्राइव्हवरून सुरू व्हावं म्हणून दीपमालानं सेटिंगमध्ये जाऊन त्याला पहिला नंबर दिला. पुन्हा तेच. ड्राइव्हचा दिवा लागे, आत टकटक होई आणि दिवा विझे. तिनं ड्राइव्हला कान लावला.

"पायल, याले करंटच पुरून नाही राह्यला!"

तिनं ड्राइव्हची वायर मशीनच्या समोरच्या खाचेतून उपसली आणि पाठीमागच्या खाचेत खोचली, तिथं करंट जास्त मिळतो म्हणून. दिवा लागला. या वेळी तो विझला नाही. ड्राइव्ह घुमू लागला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या, थांबल्या, आणि एकदम निळा पडदा उजळला!

"वहिनी! आलं, आलं!" पायल अशी ओरडली की प्रभावतीबाई धावतच आत आल्या.

दीपमालाची बोटं कळांवरून धावत होती. एवढ्या वर्षांनी, तरी एकही अक्षर चुकलं नाही.

"काय लिवून राह्यली?"

"तुमचं नाव, बाई."

प्रभावतीबाईंनी वाकून वाचलं, पुन्हा वाचलं. "त्या ऑफिसात अजून असे डब्बे हायेत काय? चाल, आताच जाऊन मांगू!" म्हणत त्या चपला शोधू लागल्या.