आखूड कप्पा

हल्ली कुणी जुनी गळाची काठी ओळखायला घेऊन आलं की भिंगवाले काठीकडे लगेच बघत नाहीत. आधी विचारतात, "पिशवी आहे का हिची?" मग माणसाला खुर्ची देतात, काठी कुणाची होती, कशी हाती आली, ते सगळं ऐकून घेतात आणि त्यानंतर भिंग उचलतात. नव्या माणसाला हा म्हातारचळ वाटतो. मला त्यामागचं कारण ठाऊक आहे. ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत, खिडकीजवळच्या स्टुलावर बसले होते.

भिंगवाले म्हणजे आमच्या गल्लीतले चष्म्याचे दुकानदार. माझा पहिला चष्मा त्यांनीच केला आणि त्याच चष्म्यातून मी नाटकांतल्या उतारवयातल्या सगळ्या आया, सासवा आणि विधवा पाठ केल्या. दुकान आता त्यांची मुलगी बघते. मागची खोली मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवली आहे. तिथे छताच्या दांडीला काठ्या टांगलेल्या असतात, टोकाच्या कडीत सुतळी ओवून, सरळ खाली. भिंतीला टेकवून ठेवली की काठी कायमची पोक काढते, असं ते म्हणतात. आत शिरलं की नाटकाच्या विंगेत आल्यासारखं वाटतं. सगळी पात्रं रंगून तयार, आणि प्रवेश कुणाचाच नाही.

या काठ्या माशीच्या गळाच्या. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, आणि ती जड दोरीच्या झोकाने पाण्यावर अशी उतरवायची, की मासा फसलाच पाहिजे. म्हणजे आमचाच धंदा. भिंगवाल्यांना त्यातल्या फक्त जुन्या फायबरग्लासच्या काठ्यांचा नाद. वेताची काठी श्रीमंतांची, कार्बनची घाईच्या माणसांची, आणि फायबरग्लासची सबुरीच्या माणसांची, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशी काठी उन्हात धरली की आतून उजळते, कुणी मधासारखी, कुणी कोऱ्या चहासारखी. त्या उजेडावरून, सांधा धातूचा की काचेचाच यावरून, कड्या बांधलेल्या रेशमाच्या रंगावरून आणि बुचाच्या मुठीच्या घाटावरून ते कारखाना सांगत. गंमत म्हणजे त्यांनी जन्मात मासा धरला नाही. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "आमच्याकडे घोडे ढीगभर, स्वार एकही नाही."

रविवारी सकाळी त्या खोलीत दरबार भरायचा. नदीवरची माणसं, जुन्या बाजारातले व्यापारी, आमच्यासारखे रिकामटेकडे. कुणी काठी आणायचं, भिंगवाले ती फिरवून बघायचे आणि निकाल द्यायचे. निकाल देण्याआधी ते थोडे थांबत. तो थांबा मला फार आवडायचा. टाळीच्या वाक्याआधी किती थांबावं हे शिकवून येत नाही, ते रक्तात असावं लागतं.

अशाच एका रविवारी दोघी बहिणी आल्या. थोरली शाळेत मुख्याध्यापिका, तिला सगळं गाव बाई म्हणायचं. धाकटीचं चौकात केस कापायचं दुकान. वडील नुकतेच गेले होते. आयुष्यभर नदीच्या नावेवर तिकिटं फाडणारा माणूस, सुट्टीच्या दिवशी तेवढा काठी घेऊन त्याच नदीच्या वरच्या अंगाला जायचा. ती काठी त्यांनी जाताना थोरलीला दिली होती. शेवटच्या वर्षी मात्र ती धाकटीकडे होती, कारण म्हाताऱ्याला नदीवर नेणं-आणणं तीच करायची. बाईंना टोकाच्या कडीवरचा दोरा नवा दिसला आणि काठी तुटली होती की काय, अशी मनात पाल चुकचुकली.

धाकटी म्हणाली, कडी सैल झाली होती, म्हणून मी दोरा बदलला, बस. बाई म्हणाल्या, मग दाखवायला काय हरकत आहे? अशा त्या आल्या होत्या. एकमेकींवर रागावलेल्या, पण एकाच छत्रीतून.

बाईंनी कापडी पिशवीची नाडी सोडून काठीचे, सांध्यात जोडायचे, दोन्ही तुकडे बाहेर काढले. भिंगवाल्यांनी ते उन्हात धरले. आमच्याच भागातल्या, केव्हाच बंद पडलेल्या एका छोट्या कारखान्याची काठी, हे त्यांनी मुठीवरूनच ओळखलं. त्या कारखान्याच्या काठ्या फारशा कुणी पाहिल्याच नव्हत्या. मग त्यांनी दोन्ही तुकडे टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. दोन तुकड्यांची काठी असली की तुकडे सारख्या लांबीचे हवेत, हा या नादातला पहिला धडा. इथे टोकाकडचा तुकडा चांगला वीतभर आखूड होता.

भिंगवाले थांबले. खोली थांबली. आणि मग त्यांनी वाक्य टाकलं.

"तोकडं टोक म्हणजे तुटलेलं टोक. तुटलंय, कापून सरळ केलंय आणि कडी पुन्हा बसवलीय."

कुणीतरी चुकचुकलं. धाकटी काही बोलायला गेली, तर भिंगवाल्यांनी हात वर करून नव्या दोऱ्यावर भिंग धरलं आणि बाईंना बघायला बोलावलं. बाईंनी बघितलं. मग बहिणीकडे न बघता म्हणाल्या, "तुटली तर तुटली गं. पण खोटं कशाला बोललीस?"

धाकटी रडली वगैरे नाही. तिने छत्री उचलली आणि निघून गेली. बाईंनी दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले. बाहेर पाऊस होता आणि त्या छत्रीशिवाय गेल्या. पिशवी टेबलावर राहिली, ती भिंगवाल्यांनी काचा पुसायच्या फडक्यांसाठी खणात टाकली. एवढंच घडलं. नाटकात एवढ्यावर पडदा पडत नाही.

पण पडला होता. दोघींचं बोलणं बंद झालं. बाई केस कापायला दुसऱ्या पेठेत जाऊ लागल्या. बाईंच्या नातवाच्या बारशाला धाकटी नव्हती. धाकटीच्या घरी आजारपण आलं तेव्हा बाई दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या, हे मला मागाहून कळलं. काठी बाईंच्या भिंतीवर लागली. बघणाऱ्याला त्या सांगत, वडिलांची आहे, पण टोक तुटकं आहे.

मध्ये बरीच वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात मासेमारीच्या सामानाचं एक जुनं दुकान मोडीत निघालं आणि माळ्यावरच्या काही काठ्या भिंगवाल्यांनी आणल्या. मी तेव्हा तिथेच होते. आमचा चहा चालू होता आणि ते एकेक पिशवी सोडत होते. एका पिशवीतली काठी कधी वापरलेलीच नव्हती. मुठीवरचा कागदसुद्धा निघाला नव्हता. त्याच बंद पडलेल्या कारखान्याची. भिंगवाले खूश. त्यांनी तुकडे शेजारी ठेवले आणि त्यांचा हात तसाच राहिला.

टोकाचा तुकडा वीतभर आखूड.

तुटला असणार, म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. कडीवरचं रेशीम कारखान्याचंच होतं, वर जुनं वॉर्निश, कुठे भेग नाही. मग त्यांनी रिकामी पिशवी उचलली आणि आत हात घातला. पिशवीला दोन कप्पे होते. मुठीकडच्या तुकड्याचा कप्पा तळापर्यंत जात होता. दुसरा वीतभर आधीच संपत होता. तिथे आडवी शिवण होती, कारखान्याच्याच दोऱ्याची, दुहेरी. कारखानदार काठी अशीच करत होता. सांधा मधोमध नको, म्हणून असेल. त्याचं कारण त्याच्याबरोबर गेलं. पण तो ती जाणूनबुजून करत होता आणि पिशवीही तशीच शिवत होता.

भिंगवाले उठले. फडक्यांचा खण ओढला, तळातून ती दुसरी पिशवी काढली आणि तिच्यात हात घातला. मी त्यांचा चेहरा बघत होते. मी रंगमंचावर पुष्कळ मरणं मेले आहे, पण चेहऱ्याचा रंग असा उतरताना पाहिला नव्हता. तोही कप्पा आखूड होता.

"आक्का," ते मला म्हणाले, "ही माझ्या कोपराखाली होती. त्या दिवशीही आणि नंतरही, रोज."

निमुळता भाग गेल्यामुळे कापलेलं टोक शेंड्याला जाड राहतं. शेंड्याची जाडी मोजायचं माप त्यांच्या खिशात होतं. ते काढायला लागला असता चहाच्या घोटाएवढा वेळ. पण खोली श्वास रोखून बसली होती आणि तो थांबा फुकट गेला असता. हे त्यांनीच मला सांगितलं. प्रेक्षक थांबलेत म्हटलं की माणूस काय काय करतो, हे मला कुणी समजवायला नको.

मग त्यांनी पळवाटा शोधल्या. नवी काठी धाकटीला गुपचूप पाठवू, म्हणाले. मग म्हणाले, आक्का, तुम्ही बोला, तुमची वाणी चांगली. काठ्या तशाच पिशव्यांत पडून राहिल्या. शेवटी वहिनींनीच सोक्षमोक्ष लावला.

"भरल्या खोलीत बोलायला जीभ होती ना तुमच्याकडे? मग आता भिंतीच्या आडून कशाला पुटपुटता?"

पुढच्या रविवारी त्यांनी मला दोघींकडे निरोप घेऊन धाडलं. बाई आल्या, भिंतीवरची काठी काढून घेऊन. धाकटी आली नाही. तिच्या खुर्चीत गिऱ्हाईक होतं आणि ती कात्री न थांबवता म्हणाली, "मला काय सांगायचंय त्यांनी? मला माहीतच होतं. ताईला सांगा."

खोली भरलेली होती. भिंगवाल्यांनी दोन्ही काठ्या टेबलावर ठेवल्या, दोन्ही पिशव्या ठेवल्या, बाईंचा हात धरून आखूड कप्प्यांच्या शिवणीवर टेकवला. या वेळी थांबा घेतला नाही. सरळ, पडेल आवाजात सांगितलं, की टोक कधी तुटलंच नव्हतं. तुमची बहीण खरं बोलत होती. मी मोजलं नाही आणि तिला बोलू दिलं नाही. वाक्यं फुटत होती. नाटक म्हणून बघाल तर अगदी सुमार प्रवेश.

बाई बराच वेळ शिवणीवर बोट फिरवत होत्या. भिंगवाले वाट बघत होते, की त्या ओरडतील, चार शब्द सुनावतील. त्यांना ते हवंच होतं. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही काठी ओळखायला चुकलात. मी बहीण ओळखायला चुकले. तुमचं त्यामानाने हलकं आहे."

त्या काठी घेऊन निघाल्या. भिंगवाले पिशवी हातात घेऊन त्यांच्या मागे, आणि मी त्यांच्या मागे, माझी चालायची काठी टेकत. चौकातल्या दुकानाशी येऊन बाई आत शिरल्या. बाकावर दोघी-तिघी बायका नंबर लावून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी, काठीचे तुकडे मांडीवर घेऊन, मुख्याध्यापिका बसल्या. धाकटीने आरशातून बघितलं. कात्री क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली. एकेक गिऱ्हाईक उठत गेलं. बाईंचा नंबर आला तेव्हा त्या खुर्चीत जाऊन बसल्या. धाकटीने झटकून कापड गळ्याभोवती बांधलं, केसांतून कंगवा फिरवला आणि म्हणाली, "कुणी कापले गं हे? उंदरांनी?"

बाईंचे खांदे कापडाखाली हलायला लागले. हसू की रडू, काचेबाहेरून कळेना.

भिंगवाले फुटपाथवरच उभे होते. धाकटीचं त्यांच्याकडे लक्ष गेलं तेव्हा ती दारात आली. त्यांनी पिशवी पुढे केली.

"ही राहिली होती," ते म्हणाले.

तिने पिशवी घेतली, आत हात घालून बघितलं, आणि मान हलवून आत गेली. आत या म्हणाली नाही. दार आपोआप लागलं.

परत येताना मी म्हटलं, झालं ना आता, सुटलात. ते म्हणाले, त्या दोघी सुटल्या असतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी न उघडलेल्या पिशव्या पुढे ओढल्या, आणि काठी बाहेर काढण्याआधी प्रत्येकीत कोपरापर्यंत हात घातला.