देवकापसाची जुडी

आमच्या परसातलं देवकापसाचं झाड रेवसला कुणी आणलं, हे सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या सासूच्या सासूनंही त्याच्याच वाती वळल्या होत्या म्हणे. त्याच्या बोंडात सरक्या सुट्या नसत. एकमेकींना चिकटून त्यांची काळी, गुळगुळीत जुडी झालेली असे. जुडी धरून ओढली की कापूस मोकळा.

वादळात खाडीचं पाणी परसात शिरलं आणि झाड गेलं. डब्यात मूठभर सरकी होती. मी पिशव्यांत रोपं केली, चिठ्ठ्या लावल्या, वेळेवर पाणी घातलं. बोंडं फुटली तेव्हा पहिला कापूस सासूबाईंच्या हातात दिला. त्यांना दिसत नसे. बराच वेळ चाचपून त्या म्हणाल्या, "ह्यो आपला न्हाय गो. कुनाचा आनलास?"

"आपल्याच सरकीचा आहे, आई."

"मंग माझी बोटंच मेली म्हन."

बोटं बरोबर होती. सरक्या सुट्या होत्या, वर बारीक लव. शेजाऱ्यांनी घाटावरची कपाशी शोभेला लावली होती. तीही वादळात गेली, पण त्याआधी तिचे पराग मधमाश्यांनी आमच्या जुन्या झाडावर आणले असणार.

कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मामी, जुडीचा गुण गेला नाहीये, दबलाय. याच रोपांची सरकी लाव. पुढच्या पिढीत एखाद्यात वर येईल." रानटी कपाशीला धड कापूसही नसतो, असंही तिनं सांगितलं. माणसांनी निवडून निवडून तिला असं केलं.

सासूबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तवर मी र्‍हातंय कशाला?"

राहिल्या नाहीत.

पुढच्या रोपांची बोंडं मी एकेक करून फोडली. सुट्या, सुट्या, पुन्हा सुट्या. कुंपणाजवळच्या रोपाचं बोंड हातात घेतलं आणि कापूस एका ओढीत निघाला. तळहातावर जुडी होती. "आई, बघा," म्हणून मी ओटीवरच्या त्यांच्या जागेकडे हात पुढे केला. कुणीतरी चाचपेल म्हणून हात तसाच धरून राहिले.

मग कामाला लागले. बाकीची रोपं निरोगी होती, फुलावर होती. ठेवली असती तर पुन्हा मिसळ झाली असती. निवडायचं म्हणजे बाकीचं उपटायचं. या परसात माझ्याआधी किती जणींनी ते केलं असेल. मुळं सहज निघत गेली. मी अंगठा तिरका दाबून खोड धरत होते, तसंच सासूबाई धरत. मला ते कुणी शिकवलं नव्हतं.